तोंडदेखलं बोलणं : ‘भेटू या एकदा’, ‘काही लागलं तर सांगा’ वगैरे

कोपरा (धागाकर्ता)

आमच्या कार्यालयात निरोपाची भाषणं माझ्या गळ्यात पडतात. मराठी बरं आहे, आवाज बरा आहे आणि नाही म्हणता येत नाही, एवढ्या भांडवलावर गेली नऊ वर्षं हे चाललंय. पहिली दोन-तीन भाषणं मनापासून लिहिली. मग त्यांची एक फाइल झाली. नाव बदलायचं, सेवेच्या वर्षांचा आकडा बदलायचा, ‘सर’चं ‘मॅडम’ करायचं. हसतमुख, मनमिळाऊ, कामाला वाहून घेतलेलं व्यक्तिमत्त्व. त्यांची उणीव पदोपदी जाणवेल. ही निवृत्ती नव्हे, दुसऱ्या डावाची सुरुवात.

मागच्या महिन्यात असंच एक भाषण वाचत होतो. चौथ्या परिच्छेदात आधीच्या गृहस्थांचं आडनाव बदलायचं राहून गेलं होतं. हे मला कळलं ते आडनाव तोंडातून गेल्यावर. माइकवर, स्पष्ट उच्चारात. दरदरून घाम फुटला. मान वर करून पाहिलं, तर काही नाही. कुणी चमकलं नाही, कुणी शेजारच्याला कोपराने ढोसलं नाही. ज्यांचा निरोप होता ते स्वतः शांतपणे मान डोलवत होते. शेवटी टाळ्या झाल्या आणि दोघा-तिघांनी जवळ येऊन ‘अगदी मनातलं बोललात’ असं सांगितलंही.

तेव्हापासून कान बिघडलेत. दिवसभरात आपल्या तोंडून काय काय जातं ते ऐकू यायला लागलंय. ‘नेहमी आठवण निघते तुमची’ (दोन वर्षांत एकदाही निघाली नव्हती). ‘छान लिहिलंयस’ (फाइल उघडलीच नव्हती). ‘काही लागलं तर हक्काने सांगा’ (हे म्हणताना आतून धाकधूक, की खरंच सांगितलं तर?).

याला खोटं तरी कसं म्हणायचं? खोटं बोलणाऱ्याला निदान काहीतरी लपवायचं असतं. मला काहीच लपवायचं नव्हतं. तोंड चालू होतं आणि मी तिथे नव्हतो, बस.

तुमचं काय? आणि येत्या शुक्रवारी पुढचा निरोप आहे. त्या गृहस्थांशी मी आयुष्यात चार वाक्यं बोललो असेन. काहीतरी सुचवा.

झुळूक

चौथा परिच्छेद! हसून हसून पुरेवाट.

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच सकाळी एक वाढदिवस आणि एक निधनवार्ता आली. लोक एका अंगठ्याने वर सरकवत दुसऱ्याने चिकटवत होते. व्हायचं तेच झालं, वाढदिवसाच्या फोटोखाली एक ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ पडली. पुढची गंमत म्हणजे वाढदिवसवाल्या काकांनी तिलाही ‘मनःपूर्वक धन्यवाद’ म्हणून हात जोडले. लिहिणाऱ्याने वाचलं नव्हतं आणि वाचणाऱ्यानेही वाचलं नव्हतं. फिट्टंफाट.

तिरका

मग काय करायचं म्हणता, दिवसभर खरं बोलायचं? मी करून बसलोय.

‘कसं काय?’ या प्रश्नाला आठवडाभर खरं उत्तर द्यायचं ठरवलं होतं. सोमवारी इमारतीच्या पहारेकऱ्याने विचारलं. त्याला सांगितलं की गुडघा ठणकतोय, रात्री झोप नाही, थोरल्याशी अबोला आहे. बिचारा खुर्चीतून उठून उभा राहिला. मग त्याने त्याचं सुरू केलं. पंधरा मिनिटं गेली. बुधवारपर्यंत लोक मला लिफ्टपाशी पाहिलं की जिना धरायला लागले.

‘कसं काय?’ हा प्रश्नच नाही हो. ती दारावरची टकटक आहे. आतून ‘आहे, आहे’ एवढा आवाज आला की माणूस पुढे जायला मोकळा. त्याला बोलवून घरभर फिरवायचं नसतं.

उलटतपासणी

तिरका यांच्या टकटकीला शास्त्रात नाव आहे. मालिनोव्हस्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअंड बेटांवर जाऊन राहिला होता. त्याने १९२३ साली अशा बोलण्याला ‘फॅटिक कम्युनियन’ म्हटलं. माहिती देणं हा या बोलण्याचा हेतूच नसतो. दोन माणसं समोरासमोर आली आणि गप्प राहिली की तो गप्पपणा अंगावर येतो. तो मोडण्यापुरतं बोलायचं. त्यात अर्थ शोधणं म्हणजे हस्तांदोलनात अर्थ शोधण्यासारखं.

‘भेटू या एकदा’चा तर वेगळा अभ्यास झालाय. एलन आयझॅक्स आणि हर्बर्ट क्लार्क यांनी १९९० साली केवळ दाखवण्यापुरत्या आमंत्रणांवर एक शोधनिबंध लिहिला. अशी आमंत्रणं ओळखायच्या खुणा त्यात आहेत. दिवस-वेळ मोघम ठेवलेली असते. समोरच्याने आढेवेढे घेतले की पुन्हा आग्रह होत नाही. पुष्कळदा समोरच्याने विषय काढल्यावरच बोलावलं जातं. त्यांचा मुख्य मुद्दा मला फार आवडला. यात फसवणूक नसते, कारण हे खरं नाही हे दोघांनाही ठाऊक असतं, आणि दुसऱ्यालाही ते ठाऊक आहे हेसुद्धा दोघांना ठाऊक असतं. दोघं मिळून केलेलं ते नाटक असतं. त्यातून पोचवायचं एवढंच की भेटायला वेळ नाही, पण तू मला नकोसा नाहीस.

तेव्हा कोपरा, फार मनाला लावून घेऊ नका.

झुळूक

म्हणजे ‘या ना कधीतरी’ मधला ‘कधीतरी’ हाच खरा निरोप!

नवखा

वाचनमात्र असतो, आज लिहितोय.

‘दोघांनाही ठाऊक असतं’ हे कुणी ठरवलं? मला ठाऊक नव्हतं.

पहिल्या नोकरीसाठी मुलाखत दिली. पाऊण तास झाली. मुख्य माणूस उठून दारापर्यंत आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘तुमच्यासारखीच मुलं हवीत आम्हाला. आठवड्याभरात कळवतो.’ मी घरी येऊन हेच शब्द जसेच्या तसे सांगितले. त्याच आठवड्यात दुसरीकडून होकार आला होता. जागा साधीच होती, पण हातात होती. ती नाकारली, कारण मला शब्द मिळाला होता ना!

पुढचे पंधरा दिवस फोन आंघोळीलासुद्धा बाहेर ठेवला नाही, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत खिडकीत ठेवायचो. सोळाव्या दिवशी धीर करून मीच फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, ‘ती जागा? ती तर केव्हाच भरली. तुमच्या मुलाखतीच्या आधीच नक्की झालं होतं बहुतेक.’ तिच्या आवाजात वाईटपणा नव्हता. तिला वाटलं, मलाही हे माहीत असणार.

त्या साहेबांना मी आज आठवतही नसेन. खांद्यावरचा हात मात्र मला अजून आठवतो.

उलटतपासणी

नवखा, माझं चुकलं. निदान अर्धं चुकलं.

ते नाटक बरोबरीच्या माणसांत चालतं. तुम्ही मला ‘भेटू या’ म्हणालात तर मी त्यातली हवा काढून उरेल तेवढं घेतो, कारण माझं काही अडलेलं नसतं. ज्याचं अडलंय त्याला ही चैन परवडत नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते उगाच नाही. अक्कल असते, पण आशेपुढे ती गप्प बसते. वाक्य तेच, पण वरून खाली टाकलं की त्याचं वजन बदलतं. टाकणाऱ्याच्या हाताला ते वजन कळत नाही.

कोपरा

नवखा, मनापासून लिहिलंत. (बघा, हेही फाइलीतलंच वाक्य. पण या वेळी मी होतो तिथे.)

तुमचा प्रतिसाद वाचल्यापासून ‘शब्द’ या शब्दाभोवती घोळतोय. आपल्याकडे शब्द देतात, घेतात, पाळतात, मोडतात, फिरवतात, कुणाकडे तरी टाकतात, खाली पडू देत नाहीत. म्हणजे भाषेने त्याला हातात धरायची वस्तू मानलंय. आणि ‘तोंडदेखलं’ म्हणजे तोंड दिसतंय तोवरचं. पाठ वळली की संपलं. त्या साहेबांनी तोंडदेखलं बोलून टाकलं आणि तुम्ही ते शब्द म्हणून घरी नेलंत.

आवाजवाली

माझा तर धंदाच हा. फोनवर ‘आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा’ म्हणणाऱ्या बाया असतात ना, त्यांतली एक मी.

कुठली कंपनी ते सांगत नाही. स्टुडिओ म्हणजे कपाटाएवढी खोली, भिंतींना फोम, समोर काच. काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणारा मुलगा आणि त्यांचा एक माणूस. पहिल्या वेळी म्हटलं, तर म्हणे, ‘फार सपाट आहे, आपुलकी हवी.’ दुसऱ्यांदा, ‘आता जरा जास्त झाली, ओळखीचं वाटतंय.’ मग ‘अत्यंत’वर जोर देऊन, मग न देता. ‘हसून म्हणा मॅडम, हसू ऐकू येतं.’ हे मात्र खरं आहे. ओठ ताणले की आवाज बदलतो, डोळे बंद करूनही ओळखता येतं. चौदा वेळा म्हटलं. अकरावं ठेवलं. त्या अकराव्यात मी खरंच कुणासाठी तरी थांबल्यासारखी वाटते, माझं मलाच.

वर्षभराने आईकडे गेले होते. ती कसल्याशा तक्रारीसाठी फोन लावून बसली होती, स्पीकर चालू. आतल्या खोलीत मला माझाच आवाज ऐकू आला. आणि दर मिनिटाला मी ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हटलं की आई म्हणायची, ‘बरं बाई, थांबते.’ प्रत्येक वेळी! जन्मभराची सवय, कुणी नीट बोललं की नीट उत्तर द्यायचं. माझा आवाज तिने ओळखला नाही. मीही सांगितलं नाही.

तिरका

हे वाचून पाच मिनिटं काही लिहिता आलं नाही. आता लिहितो, पण काही विशेष नाही.

इतिवृत्त

मी बैठकांची इतिवृत्तं लिहितो, म्हणजे पोकळ बोलण्याचा घाऊक व्यापारी समजा. दोन तासांची बैठक कागदावर उतरवायला घेतली की चार ओळी उरतात, आणि त्यातली एक उपस्थितांची नावं असते.

बाकी कुणी सांगणार नाही म्हणून सांगतो. या धंद्यातलं सगळ्यात कामाचं अवजार व्याकरणातलं आहे. ‘मी करीन’ यात करणारा दिसतो. ‘करण्यात येईल’ म्हटलं की करणारा गेला. ‘या दिशेने सकारात्मक पावले उचलण्यात येतील.’ कुणाचे पाय? कुठली दिशा? कधी? एकदा मी भोळेपणाने कंसात ‘कोण?’ असं लिहून मसुदा फिरवला. परत आला तेव्हा कंस खोडला होता आणि ‘सकारात्मक’च्या आधी ‘ठोस’ घातलं होतं.

कोपरा, तुम्ही जे म्हणालात की खोटं बोलायला निदान काही लपवायचं असतं, त्यावर हॅरी फ्रँकफर्ट या तत्त्वज्ञाचा १९८६ सालचा एक निबंध आहे. २००५ मध्ये तो छोटेखानी पुस्तक म्हणून आला आणि भरपूर खपला. त्याचं म्हणणं असं की खोटारड्याला सत्याची दखल घ्यावीच लागते, ते कुठे आहे हे माहीत असल्याशिवाय लपवणार कसं? पण नुसती फेकाफेक करणाऱ्याला आपण म्हणतोय ते खरं की खोटं याच्याशी देणंघेणंच नसतं. म्हणून फ्रँकफर्टच्या मते तो सत्याचा खोटारड्याहून मोठा शत्रू.

आणि असलं बोलणं खपतं, हेही तपासून झालंय. गॉर्डन पेनिकूक आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली भारदस्त शब्द यंत्राकडून वाटेल तसे जुळवून घेतले. वाक्यं व्याकरणाला धरून होती, पण अर्थ शून्य. लोकांना विचारलं, ही किती गहन वाटतात? बऱ्याच जणांना ती बऱ्यापैकी गहन वाटली. या अभ्यासाला पुढच्या वर्षी इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीचं पारितोषिक) मिळालं, तेही शांततेचं! मी हे आमच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘विचार करण्यासारखं आहे.’

झुळूक

‘विचार करण्यासारखं आहे’ म्हणजे विषय संपला. आमच्याकडे त्याचा धाकटा भाऊ आहे, ‘बघू या’.

तिरका

इतिवृत्त, फ्रँकफर्टसाहेबांचं ठीक, पण कोपरा त्यात बसत नाहीत. त्यांना घाम फुटला होता. फेकाफेक करणाऱ्याला घाम फुटत नाही.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. बरीच वर्षं रात्रपाळी केली.

रात्री दोन-तीनच्या सुमाराला पेशंट विचारतात, ‘सिस्टर, मी बरा होईन ना?’ सुरुवातीला मी सगळ्यांसारखंच म्हणायचे, ‘काही होणार नाही, झोपा निवांत.’ ते डोळे मिटायचे, पण झोपायचे नाहीत. पाठ वळवली की पुन्हा डोळे उघडे, हे दिव्याच्या काचेत दिसायचं. मला काय माहीत काही होणार आहे की नाही? आणि मला माहीत नाही, हे त्यांनाही माहीत.

मग कधीतरी नुसतं जे खरं होतं ते म्हणायला लागले. ‘मी सहा वाजेपर्यंत इथेच आहे. ही बेल तुमच्या हाताखाली ठेवली आहे, दाबून बघा एकदा.’ दाबायला लावायची. मी बाजूलाच उभी असताना बेल वाजायची. तिचा उपयोग व्हायचा. सगळ्यांना नाही, पण व्हायचा.

आता दुसरी बाजू. एक आजोबा होते, फार खंगलेले. भेटायला येणारे सगळे म्हणायचे, ‘आज चेहऱ्यावर तेज दिसतंय हं!’ तेही म्हणायचे, ‘हो, आज बरं वाटतंय.’ सगळे गेल्यावर एकदा मी चिडून म्हटलं, ‘आजोबा, दमता कशाला बोलून? सांगा ना सरळ, बरं नाही म्हणून.’ तर म्हणाले, ‘अगं, त्यांना काय बोलावं ते सुचत नाही. मी हो म्हटलं की सुटतात बिचारे.’

म्हणजे पोकळ बोलत होते ते, आणि ते पोकळ बोलणं सांभाळत होते आजोबा. कुणी कुणाला धीर दिला, मला सांगता यायचं नाही.

उलटतपासणी

रात्रपाळीताई, यावर मी काही जोडत नाही.

आधी हवापाण्याच्या गप्पांची बाजू घेतली होती, तर तिथला हिशेब पुरा करतो. २०१० साली मथायस मेल आणि मंडळींनी ७९ विद्यार्थ्यांच्या अंगावर चार दिवस छोटी ध्वनिमुद्रण यंत्रं लावली, दर साडेबारा मिनिटांनी अर्धा मिनिट चालू होणारी. त्यात जास्त समाधानी माणसं अर्थपूर्ण जास्त बोलत होती आणि वरवरचं कमी. झालं, वरवरच्या गप्पांनी माणूस दुःखी होतो अशी हाकाटी झाली. पुढे २०१८ मध्ये त्याच गटाने ४८६ जणांवर पुन्हा तपासलं. अर्थपूर्ण बोलण्याचा समाधानाशी संबंध टिकला. वरवरच्या गप्पांचा मात्र ना फायदा दिसला ना तोटा. औषध नाही आणि विषही नाही.

नवखा

हवापाण्याच्या गप्पांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. मी रोज मारतो. ‘कळवतो’ म्हणाल तर कळवा, एवढंच. ‘नाही’ असं कळवलं तरी चालेल.

इतिवृत्त

‘कळवण्यात येईल’ असं म्हणाले नव्हते ना? मग साहेब नवीन असणार. (हलके घ्या.)

झुळूक

कोपरा, शुक्रवारचं काय झालं? चार दिवस गायब आहात.

कोपरा

झालं. सांगतो.

फाइल उघडली नाही. त्या गृहस्थांच्या आजूबाजूला बसणाऱ्यांना दोन दिवस विचारत फिरलो. ‘चांगले आहेत’, ‘कुणाच्या अध्यात ना मध्यात’, ‘सरळमार्गी’. म्हणजे सगळ्यांकडे माझीच फाइल! शेवटी जुन्या शिपाईमामांनी सांगितलं. आमच्याकडे प्रत्येक फोनशेजारी पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो, एकसारख्या कापलेल्या, कोपऱ्यात दोरा ओवलेला. मला वाटायचं ते भांडारातून येतात. हे गृहस्थ करायचे ते. रद्दीत जाणारे कागद बाजूला ठेवायचे, महिन्यातून एकदा जेवणाच्या सुट्टीत पट्टी लावून कापायचे आणि सगळे गेल्यावर टेबलाटेबलावर ठेवून यायचे. एकवीस वर्षं.

तेवढंच बोललो. शेवटी खिशातून तसली एक चिठ्ठी काढून दाखवली, तिच्यावर माझ्याच अक्षरात कुणाचा तरी नंबर होता. जेमतेम दोन मिनिटं. सभागृह शांत. एका बाईंनी पर्स उघडून काहीतरी शोधलं, चिठ्ठीच निघाली. या वेळी सगळे ऐकत होते, हे मला इथे जरा मिरवत सांगायचं होतं.

पण पुढे ऐका. चहाच्या वेळी ते गृहस्थ माझ्याजवळ आले. आधी काही बोलले नाहीत. कप फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘तुम्ही एवढंच बोललात. मागच्या सगळ्यांना हसतमुख, मनमिळाऊ म्हणाला होतात. घरचे आले होते माझे, त्यांना ऐकायचं होतं. चिठ्ठ्यांचं काय एवढं?’

मी काय बोलणार? ‘तसं नाही हो, मनापासून...’ वगैरे पुटपुटलो.

रात्रपाळी

अरे देवा.

झुळूक

बिचारे! आणि तुम्हीही.

उलटतपासणी

एकवीस वर्षं वाट पाहिली असेल त्यांनी त्या ‘मनमिळाऊ’ची. आपण सगळे इथे त्या शब्दाला हसत होतो.

आवाजवाली

भाषण लिहून पाठवा. हवं तर मी वाचून ध्वनिमुद्रित करून देते. हसून.

कोपरा

आवाजवाली, खरंच द्याल? मग उद्याच मजकूर पाठवतो. जुनं भाषण पूर्ण, हसतमुखपासून दुसऱ्या डावापर्यंत सगळं, आणि मध्ये चिठ्ठ्यांचा परिच्छेद. छापील प्रतही त्यांच्या घरी देऊन येणार आहे, स्वतः. रविवारी अकराला येतो असं फोन करून सांगितलंय. आडनाव तीनदा तपासलं.

तिरका

चौथा परिच्छेद अजून एकदा बघा.